न दिलेलं

"न दिलेलं घेतलं, तर ती चोरी. बरोबर ना, भन्ते?"

हा प्रश्न विचारताना शालिक खोब्रागडे सरांच्या एका हातात वरणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात पळी. लक्ष मात्र ताटाकडे नव्हतं.

"बरोबर," भन्ते धम्मसार म्हणाले.

"पंचशीलातलं दुसरंच शील आहे."

"हो. दुसरंच."

"मग झालं तर!"

वरण भातावर पडायचं, ते निम्मं भाजीत पडलं.

मोहटोल्याचा बुद्धविहार तलावाच्या काठावर, जरा उंचावर आहे. भन्ते तिथे एकटे राहतात आणि गावातली घरं आळीपाळीनं त्यांना भोजनदान देतात. त्या रविवारी सरांच्या घराची पाळी होती. एरवी हे सगळं कुंदाताई पाहायच्या. त्या दिवशी त्यांच्या माहेरी बारसं होतं, म्हणून पहाटे उठून त्यांनी स्वयंपाक केला, डबे भरले आणि नवऱ्याला चार वेळा बजावून सकाळची एसटी पकडली. बजावायचं कारण एकच. भिक्खूचं जेवण बाराच्या आत आटपावं लागतं, आणि सर एकदा बोलायला लागले की त्यांना वेळेचं भान राहत नाही.

सर वेळेत आले होते, हे मान्य करायला हवं. साडेअकराच्या आतच त्यांनी चटईसमोर ताट मांडलं. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्या आणि वाटीत खीर. सगळं वाढलं. मग समोर बैठक मारली आणि मनातलं सगळं बाहेर काढायला घेतलं.

शालिक सर गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माणूस सरळ आणि कडक. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी भर वर्गातून उठवलं होतं, आणि त्यापायी भावाशी वर्षभर बोलणं नव्हतं. तरुणपणी त्यांनी भन्तेंजवळ काही दिवस चीवर घालून, श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू होऊन काढले होते. तेव्हापासून भन्ते त्यांचे गुरू. अडचण आली की ते विहारात यायचे. अलीकडे मात्र ते विचारायला कमी आणि ऐकवायला जास्त येत. भन्तेंच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

"काय झालं?" भन्तेंनी विचारलं.

"नववीच्या चार पोरांनी चोरी केली. मी शून्य दिलं. उद्या तालुक्याला विज्ञान प्रदर्शन आहे, त्यातून नावं कापली. आता सगळे माझ्यावर उठलेत."

"कायची चोरी?"

"शब्दांची, भन्ते. अकलेची!"

आणि सरांनी सांगितलं. वर्गाला प्रकल्प दिला होता, 'आपल्या गावचा तलाव'. तेजल वलथरेच्या गटानं अहवाल आणून दिला. ही तेजल म्हणजे चार ओळी सरळ लिहील तर शपथ. आणि अहवालात काय, तर 'जलीय परिसंस्थेचे संतुलन'! 'जैवविविधतेचा ऱ्हास'! सरांनी पहिलं पान वाचलं आणि ओळखलं.

"मी विचारलं, हे कोणी लिहिलं? तर म्हणते कशी, 'एआयनं, सर.'"

"लपवलं नाही?"

"अजिबात नाही! तोंडावर सांगितलं. लाज नाही, काही नाही."

"म्हनजे चोरी उघड्यावर झाली."

"तेच तर म्हणतो मी! निर्ढावलीत पोरं."

भन्तेंनी मान हलवली. सरांना वाटलं, आपली बाजू पटली. ते आणखी पुढे सरकले.

"हेडमास्तर म्हणतात, शाळेतून जाणारा एवढा एकच प्रकल्प आहे, जाऊ द्या. तिची आई शाळेत येऊन रडून गेली. उद्या सकाळी नावं पाठवायची आहेत. मी हटणार नाही, पण मला आधार पाहिजे. आज संध्याकाळी वंदनेला गाव जमेल. तुम्ही फक्त दोन शब्द सांगा. यंत्राकडून उत्तर घेणं म्हणजे न दिलेलं घेणं. बस्स. माझं नावसुद्धा घेऊ नका."

 भन्तेंची नजर ताटावरून फिरली आणि परत सरांवर आली. दोन्ही हात मांडीवर होते.

"मले सांग," ते म्हणाले, "हे यंत्र कसं आहे गा?"

"कसं म्हणजे?"

"स्वभावानं."

सरांना हसू आलं. "यंत्राला कसला स्वभाव, भन्ते? विचारलं की सांगतं. कधीही विचारा."

"केव्हाही?"

"केव्हाही. दहा वेळा तेच विचारा, अकराव्यांदा तयार. कळलं नाही म्हटलं तर सोपं करून सांगतं. उदाहरण देतं."

"चिडत नाही?"

"चिडेल कसं?"

"'हे मागच्या वर्षीच शिकवलं होतं' असं म्हनत नाही?"

सर हसता हसता थांबले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"नाही म्हणत," ते म्हणाले.

"वा!"

भन्तेंच्या त्या 'वा'मध्ये टोमणा नव्हता. कुणाचंही काही चांगलं कानावर पडलं की ते असेच खूश होतात. मग ते शेजारच्या गावच्या मौलवींनी खोदून घेतलेल्या विहिरीबद्दल असो, नाही तर कुणाच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल. गावाला त्यांच्याबद्दल जी माया आहे, ती बरीचशी यामुळे आहे. पण सर आज कौतुक ऐकायला आले नव्हते.

"पण ते चुकतं, भन्ते!" ते घाईनं म्हणाले. "मी पाहिलंय ना. पोरांना पकडायचं म्हणून मुद्दाम वापरून पाहिलं. धडधडीत चुकतं, आणि चुकलं तरी ठासून सांगतं."

"आनि चूक दाखवली तर?"

सरांनी पळी उगाच वरणाच्या डब्यात फिरवली.

"तर काय करते?"

"मान्य करतं," सर नाइलाजानं म्हणाले. "तुमचं बरोबर आहे म्हणतं."

"लगेच?"

"लगेच."

"वा, वा!" भन्ते मनापासून म्हणाले. "आपल्याले दोघायले अजून नाही जमलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. बोलणं भलतीकडेच चाललं होतं. बाहेर तलावाच्या बाजूनं पोरांचा आवाज येत होता. रविवारी पोरं डुंबायला येतातच, म्हणून सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"पोट्टे पयले कोनाकडं गेले होते?" भन्तेंनी विचारलं.

"पहिले म्हणजे?"

"यंत्राच्या आधी."

 सरांना आठवायला वेळ लागला नाही. तेजल शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मधली सुट्टी होती आणि सरांपुढे तपासायच्या वह्यांचा ढीग होता.

"माझ्याकडे आली होती," ते म्हणाले.

"काय म्हने?"

"'सर, आपल्या तलावातले मासे काहून कमी झाले?'"

"मंग?"

"मी म्हटलं, प्रकल्प तुझा आहे की माझा? शोध!"

हे सांगताना सरांची छाती जरा पुढे आली. प्रकल्प पद्धतीत शिक्षकानं उत्तर द्यायचं नसतं, विद्यार्थ्यानं शोधायचं असतं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाकीच्यांनी तिथे चहा प्यायला. सरांनी ते मनावर घेतलं होतं.

"मंग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणे, सर, शोधू कसं?"

"तू काय म्हनला?"

"म्हटलं, तेही शोध."

"तेही शोध..." भन्ते हळूच म्हणाले. जणू चव घेऊन पाहत होते.

 खिरीवर एक माशी आली. सरांनी ती हातानं उडवली, आणि तेव्हा त्यांचं ताटाकडे लक्ष गेलं. भाताला हात लागलेला नव्हता. पोळ्यांच्या कडा वाळून वर आल्या होत्या.

"अहो भन्ते, जेवा ना तुम्ही! माझं बोलणं काय, चालूच राहील. गार झालं सगळं."

"कसा जेवू?"

"कसा म्हणजे? समोरच तर आहे!"

"समोर आहे," भन्ते म्हणाले. "देलं कोनी?"

सरांचा हात पुन्हा माशी उडवायला उचलला होता, तसाच राहिला.

भिक्खू न दिलेलं काही घेत नाही. ताट नुसतं पुढ्यात मांडून चालत नाही. देणाऱ्यानं ते दोन्ही हातांनी उचलायचं आणि भिक्खूच्या हाती द्यायचं, मगच ते त्याचं होतं. तोवर पोटात कितीही आग पडली तरी तो घास उचलत नाही आणि मागतही नाही. ही रीत गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. शालिक सरांनी तर ती स्वतः चीवर घालून पाळली होती. श्रामणेर शिबिरांत ते नव्या पोरांना समजावून सांगायचे, दात्यानं कसं वाकायचं ते करून दाखवायचे.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते. नुसते वाजून गेले नव्हते, चांगले पुढे सरकले होते.

"भन्ते..."

त्यांनी घाईघाईनं ताट उचललं. वरण कलंडलं. भन्तेंनी तळहात आडवा धरला.

"आता नाही."

"उद्या सकाळपर्यंत तुम्ही उपाशी!"

"पानी आहे न."

"मला सांगायचं होतं! नुसतं एकदा बोट दाखवायचं..."  इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गुरूला समोर बसवून, दुसऱ्या शीलावर व्याख्यान देत देत, त्यांनी गुरूला उपाशी ठेवलं होतं. कुंदाताईंना काय सांगायचं, हा तर पुढचा प्रश्न.

"सांगायचं होतं ना, भन्ते," ते पुन्हा म्हणाले.

भन्ते हसले.

"मले वाटलं, शोधशील."

सर मान खाली घालून बसले. काही वेळानं डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. भन्ते उठले, माठातून दोन पेले पाणी घेतलं, एक सरांच्या हातात दिला. स्वतःचा पेला शांतपणे संपवला. उपाशी माणसाची कसलीच खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

"हे अन्न अजून तुझंच आहे," ते म्हणाले. "वाया घालवू नको. खाली पोट्टे आहेत, त्यायले दे. सकाळपासून पान्यात आहेत."

"कोणते पोट्टे?"

भन्तेंनी हनुवटीनंच खिडकीकडे खूण केली.

खाली, जिथे हिवाळ्यात पाणी उतरतं त्या कोपऱ्यात, गुडघाभर चिखलात चौघं उभी होती. त्या कोपऱ्यात बेशरमाचं रान माजलं आहे. बेशरम म्हणजे ते जांभळ्या फुलांचं झुडूप, जे कुणी लावत नाही आणि कुणाच्या बापाला हटत नाही. पोरं ते मुळासकट ओढून काढत होती. त्यांतली एक तेजल होती.

"हे इथं काय करून रायले?" सरांच्या तोंडून शाळेतली भाषा कधी गळून पडली, त्यांना कळलं नाही. "मी तर शून्य देलं. नाव कापलं. आता कायले?"

"त्यायले विचार," भन्ते म्हणाले.

सर ताट घेऊन खाली उतरले.

त्यांना पाहताच चौघंही जागच्या जागी थिजली. खेमराज नान्हे नावाच्या पोरानं हातातलं झुडूप पाठीमागे लपवलं. काठावर एका काठीला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोबाइल टांगला होता. तेजलच्या आईचा.

"जेवून घ्या," सर म्हणाले.

कुणी हललं नाही.

"हे भन्तेचं ताट आहे न, सर?" तेजलनं विचारलं.

"नाही. माझं आहे. मी देऊन रायलो."

सर वाकले आणि दोन्ही हातांनी ताट तिच्यापुढे धरलं. तिनं चिखलाचे हात कुडत्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि घेतलं. मग मात्र चौघांनी काठावर बसून त्या गार अन्नाचा फडशा पाडला. खीर खेमराजनं आपल्याकडे ओढली.

"एक सांगा," सर म्हणाले. "मी शून्य देलं. तरी हे काहून चालू आहे?"

तेजलला प्रश्नच कळला नाही. तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं.

"सर, शून्य आमाले देलं न तुमी," ती म्हणाली. "तलावाले थोडी देलं."

सर तिथल्या एका दगडावर बसले. पँट खराब होईल, हे मनात आलंच नाही.

"मला दाखवा काय केलं ते. पहिल्यापासून."

मग पोरं जी सुटली! एकाचं वाक्य दुसरा तोडायचा, दुसऱ्याचं तिसरा.

त्यांनी यंत्राला विचारलं होतं, मासे काहून कमी झाले. त्यानं बरीच कारणं दिली आणि उलट विचारलं, काठावर काय काय उगवतं? यांनी बेशरमाचा फोटो दाखवला. त्यानं झाड ओळखलं, आणि सांगितलं की हे माजलं की काठाचं गवत मरतं, मग माशांना अंडी घालायला जागा उरत नाही. उपाय म्हणून ते म्हणालं, झाडपाला खाणारे मासे सोडा.

"म्या म्हटलं, बेशरम कोन खाते?" खेमराज खिरीच्या तोंडानं म्हणाला. "त्याले शेरडं तोंड नाही लावत, मासे काय खातीन!"

"मंग?"

"मंग ते म्हने, 'तुमचं निरीक्षण महत्त्वाचं आहे.'" खेमराजनं यंत्राचा आवाज काढला आणि सगळी हसली. "म्हने, मग हातानेच उपटावं लागेल."

"आनि त्यानं सांगितलं, दोन तुकडे घ्या," तेजल म्हणाली. "एक साफ करा, एक तसाच ठेवा. नाही तर फरक कशानं पडला, ते समजन कसं?"

सर ऐकत राहिले. हेच ते पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवत होते. फळ्यावर चौकट आखून, खाली रेघ मारून. परीक्षेत पोरं ते घडाघडा लिहायची आणि उन्हाळ्यात विसरायची. आज तेच त्यांच्यापुढे चिखलात उभं होतं, दोन काठ्या रोवलेल्या, मधे सुतळी बांधलेली. त्यांना मनापासून आनंद झाला आणि तेवढंच वाईटही वाटलं.

"पन पयले फसलं, सर. ते म्हने, एक तुकडा या काठाले घ्या, एक त्या काठाले. आमी तसंच केलं."

"मंग?"

"वारा!" चौघं एकदम म्हणाली.

"वाऱ्यानं सगळा कचरा त्या काठालेच जाते," तेजलनं हात करून दाखवलं. "तिकडं मासा कसा येईन? आमी त्याले सांगितलं. ते म्हने, हे मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. आता दोन्ही तुकडे याच काठाले घेतले. सगळं नव्यानं."

"हे अहवालात कुठं आहे?" सरांनी विचारलं. "वारा? फसलेला तुकडा? शेरडं? मी पानन् पान वाचलं. त्यात यातलं काही नाही."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. तेजल पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरू लागली.

"ते चुकलेलं होतं न, सर."

"मग?"

"चुकलेलं लिवलं तर तुमी गुन कापता. म्हनून त्याले म्हटलं, तूच लिव, चांगलं चांगलं."

वाऱ्यावर काठीची पिशवी फडफडत होती.

"ते लिवायले नको होतं का, सर?" तेजलनं विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती होती.

"ते तू लिहायचं होतं," सर म्हणाले. "जसं आत्ता सांगितलंस तसं. वारा धरून. आणि गुण मी कापायचे नव्हते."

तिनं मान हलवली. मग काठीजवळ गेली, पाण्यात वाकून पाहिलं आणि एकदम म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचार."

"साफ केलेल्या तुकड्यात बारकी पिल्लं दिसून रायली. पन ती इथंच जन्मली, का तिकडून पोहत आली? त्याले तीनदा विचारलं. दर बारी वेगळंच सांगते. तुमाले माहीत आहे?"

'शोध' हा शब्द सवयीनं सरांच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

विज्ञानाचे शिक्षक म्हणून इतकी वर्षं झाली होती, पण पुढचं वाक्य त्यांनी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.

"मले नाही माहीत."

त्यांना वाटलं, पोरांचे चेहरे पडतील. झालं उलटंच. खेमराज तर उडीच मारायचा राहिला.

"मंग तुमी बी या न, सर!"

सरांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. पाणी गार होतं. पिल्लं खरंच होती, बोटाच्या पेराएवढी, सावली पडली की पसार होणारी. पाचही जणं वाकून ती बघत बसली. मग सरांनी स्वतः मोबाइल हातात घेतला आणि यंत्राला प्रश्न विचारला. पकडायला म्हणून नव्हे, खरंच उत्तर हवं म्हणून, पहिल्यांदाच. 'कृपया' लावून. पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.

यंत्रानं तीन मार्ग सांगितले. एकाला प्रयोगशाळा लागणार होती. दुसरा शहरातल्या लोकांच्या कामाचा होता. तिसरा असा की साफ तुकड्याच्या थोड्या भागाला बारीक जाळीनं वेढा, आतली पिल्लं बाहेर काढा आणि थांबा. पुढच्या हंगामात आत पिल्लं दिसली, तर ती आतच जन्मली.

"मच्छरदानी!" तेजल ओरडली.

"मच्छरदानीतून अंडी वाहून आत गेली तर?" सर म्हणाले.

यावर जे भांडण पेटलं, ते ऊन कलेपर्यंत चाललं. सर भांडले, खेमराज भांडला, यंत्रानं मध्येच काही सांगितलं तर तेजलनं त्यालाही गप्प केलं. सरांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि काठावरूनच हेडमास्तरांना फोन लावला. "नावं पाठवा सकाळी. चौघांची. अहवाल ते आज नव्यानं लिहितील, त्यांच्या भाषेत. हो, शून्य मीच दिलं होतं. मीच खोडतो."

विहाराच्या पायऱ्या ते चढले तेव्हा संध्याकाळच्या वंदनेसाठी भन्ते चटया अंथरत होते. सरांनी तीनदा वाकून वंदन केलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ त्यांचं कपाळ जमिनीला टेकलेलं राहिलं.

"भन्ते, ते दोन शब्द आज सांगू नका."

"नाही सांगत."

"त्या पोरांनी काय केलंय म्हणून सांगू! मी इतकी वर्षं शिकवतोय, असा प्रकल्प माझ्या वर्गात झाला नाही. आणि ते यंत्र... मघाशी मीच म्हणालो तसंच आहे. पोरांनी दहा वेळा खोडून काढलं, अकराव्यांदा तयार."

"वा."

सर थोडा वेळ घुटमळले. अजून काही तरी उरलं होतं.

"एक विचारू?"

"विचार."

"मी तर त्यायले काहीच शिकवलं नाही. दार लावून घेतलं होतं. यंत्र चुकत होतं. मंग या पोट्ट्यायचा गुरू कोन म्हनायचा, भन्ते? ते यंत्र... का मी?"

भन्तेंनी हातातली चटई खाली ठेवली. शालिक सरांकडे पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांवर चिखल, आणि ते उभे होते तिथल्या फरशीवर पाण्याचं एक लहानसं थारोळं.

खालून, तलावाकडून पोरांचा आवाज येत होता; भन्तेंनी हनुवटीनंच तिकडे खूण केली.

"तुझे पाय कोनी ओले केले, शालिक?"